सिंथ आणि लाकडी वाद्यं एकत्र नांदतात कशी? ‘द कलर ऑफ स्प्रिंग’च्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँडमध्ये दोन सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर घडवणारे कीबोर्ड), एक ड्रम मशीन आणि एक गायिका आहे. पुढच्या अल्बममध्ये पियानो, पेटी, व्हायोलिन आणि ॲकूस्टिक गिटार घ्यायचं ठरलंय, पण डेमो ऐकताना दोन वेगळी गाणी एकाच वेळी लावल्यासारखं वाटतं. टॉक टॉक या ब्रिटिश बँडच्या १९८६ च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’मध्ये हे इतकं एकजीव कसं झालं, मिक्सिंगमध्ये काय केलं तर तुमचंही तसं होईल आणि हे सगळं मंचावर वाजवायचं कसं, हे तुम्ही विचारलंय.

मिक्सिंगचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देते. मिक्सिंगमध्ये ही एकजीवता आणता येत नाही. इक्यू (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करणं) आणि रिव्हर्ब (घुमारा) यांमुळे वाद्यं एकमेकांच्या वाटेत येणं थांबतं, एवढंच. बाकी सगळं संयोजन ठरवताना आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत घडतं. हा अल्बम मी शिकाऊ मंडळींना पुन्हा पुन्हा ऐकायला लावते तो यासाठीच. त्यात मिक्सिंगची चमत्कृती जवळजवळ नाही, आणि संयोजनाचे निर्णय मात्र एकापेक्षा एक धाडसी आहेत.

टॉक टॉक १९८१ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. गायक मार्क हॉलिस, बेसवर पॉल वेब, ड्रम्सवर ली हॅरिस आणि कीबोर्डवर सायमन ब्रेनर. चौघांत गिटारवादक नव्हता. १९८२ च्या पहिल्या अल्बमचा निर्माता होता कॉलिन थर्स्टन. ड्युरान ड्युरान या सिंथपॉप (सिंथवर उभ्या पॉप संगीताच्या) बँडचे पहिले दोन अल्बम त्यानेच केलेले, त्यामुळे टॉक टॉककडेही लोक त्याच पठडीतला बँड म्हणून बघू लागले. पुढे ब्रेनर बाहेर पडला आणि टिम फ्रीझ-ग्रीन आला. निर्माता, कीबोर्डवादक आणि हॉलिसचा सहरचनाकार अशा तिन्ही बाजू त्याने सांभाळल्या. त्याच्यासोबतचा पहिला अल्बम म्हणजे १९८४ चा ‘इट्स माय लाइफ’. तो अजून सिंथपॉपच आहे, पण वेबचा फ्रेटलेस (पडद्यांशिवायचा) बेस आणि मधूनच येणारा हेन्री लोथरचा ट्रम्पेट पुढची दिशा दाखवतात.

हॉलिस मुलाखतींमधून सांगत असे की सिंथ ही त्याची आवड नव्हती, ती खर्चाची सोय होती. हव्या त्या वादकांना बोलावण्याइतके पैसे नव्हते, म्हणून सिंथ. ‘इट्स माय लाइफ’ युरोपात चांगला चालला आणि ही अडचण सुटली. तिसऱ्या अल्बमला, म्हणजे ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ला, त्याने वादकांची रांगच लावली: ऑर्गनवर स्टीव्ह विनवूड, डबल बेसवर पेंटँगल या बँडचा डॅनी थॉम्पसन, गिटारवर प्रिटेंडर्स या बँडचा रॉबी मॅकिन्टॉश आणि पीटर गॅब्रिएलसोबत वाजवणारा डेव्हिड ऱ्होड्स, हार्मोनिकावर मार्क फेल्टम, तालवाद्यांवर मॉरिस पर्ट, सॅक्सोफोनवर डेव्हिड रोच. लहान मुलांचा एक कोरस आहे, आणि शेवटच्या गाण्यात अ‍ॅम्ब्रोझियन सिंगर्स हा लंडनचा मोठा कोरस.

आता माझ्या मते या अल्बमचं मर्म. सिंथ मागे गेले, पण सिंथपॉपची शिस्त जागची हलली नाही. एकच आकृती न कंटाळता फिरवत राहायची, प्रत्येक वाद्याला एकच नेमकं काम द्यायचं, कोणी कोणाच्या रिकाम्या जागेत घुसायचं नाही, या सगळ्या सवयी सिक्वेन्सरच्या, म्हणजे सूर ठरल्या क्रमाने फिरवणाऱ्या यंत्राच्या, आहेत. हॉलिस आणि फ्रीझ-ग्रीन यांनी त्या सवयी हाताने वाजवणाऱ्यांना लावल्या. आणि जी विद्युत वाद्यं ठेवली, ती श्वास घेणारी ठेवली. माणसं यंत्रासारखी स्थिर वाजवतात आणि यंत्रं माणसांसारखी हलतात, त्यामुळे दोन्ही बाजू मध्यावर येऊन भेटतात. तुमच्या डेमोत यंत्र आपल्या टोकाला आहे आणि व्हायोलिन आपल्या टोकाला.

‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ नीट ऐका. पियानोची एक आकृती सुरुवातीपासून फिरते आणि जवळजवळ गाणंभर तशीच राहते. खालच्या सप्तकातले तिचे सूर बेसचं काम करतात. ली हॅरिसचा ठेका जड, रुंद आणि अजिबात न बदलणारा. फिल्स (मधले भरीचे तुकडे) नाहीत, कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना झांजांचा फुलोरा नाही. वर ऱ्होड्सच्या गिटारचीही एकच ओळ. कागदावर मांडलं तर हे शुद्ध सिंथपॉप गाणं आहे, फक्त सिक्वेन्सरच्या जागी पियानो आणि ड्रम मशीनच्या जागी माणूस. पण पियानोच्या प्रत्येक फेरीत हाताचा दाब किंचित वेगळा पडतो, पेडलचा धक्का ऐकू येतो, तारांची आस पुढच्या सुरात मिसळते. तीच आकृती नमुना घेऊन सॅम्पलरवर फिरवली असती तर आठव्या फेरीला कान कंटाळले असते.

‘हॅपिनेस इज ईझी’मध्ये तेच सूत्र अधिक सैल होऊन येतं. आधी फक्त ठेका, बराच वेळ. मग तालवाद्यांचे थर, मग बेस, मग बाकीचे. प्रत्येक वाद्य आत येतं तेव्हा त्याच्यासाठी जागा आधीच मोकळी असते. म्हणूनच तिथे डबल बेसला तो गोल, लाकडी आवाज टिकवता आला. सिंथचा जाड पॅड (लांब धरलेल्या सुरांचा थर) तिथे पसरलेला असता तर तो आवाज कोणत्याही इक्यूने परत मिळाला नसता.

विजेच्या आणि हाताच्या वाद्यांमधल्या सीमेवरच्या वाद्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या कामाची खरी किल्ली इथे आहे. हॉलिस आणि फ्रीझ-ग्रीन यांनी या अल्बमवर मेलोट्रॉन आणि व्हेरिओफोन वापरले. मेलोट्रॉन हे १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये बनू लागलेलं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या बासरीचा किंवा व्हायोलिनचा रेकॉर्ड केलेला सूर. पट्टी दाबली की फीत चालू लागते आणि साधारण आठ सेकंदांत संपते, त्यानंतर बोट उचलावंच लागतं. त्यामुळे मेलोट्रॉनवरचा वादक आपोआप श्वास घेत वाजवतो. ऑर्केस्ट्रल मॅन्यूव्हर्स इन द डार्क या बँडने १९८१ च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’मध्ये हेच वाद्य सिंथच्या शेजारी बसवलं आणि त्या अल्बमचा अर्धा रंग तिथूनच आला. व्हेरिओफोन जर्मन. कोलोन विद्यापीठात सत्तरच्या दशकात झालेल्या संशोधनातून तो जन्मला. आवाज तयार होतो विजेवर, पण त्याचा चढउतार वादकाच्या फुंकीवर चालतो. ऑर्गनचंही तसंच. हॅमंड जातीच्या ऑर्गनमध्ये सूर फिरत्या धातूच्या चकत्यांवरून विजेने उचलला जातो, पण लेस्ली स्पीकरचा फिरता कर्णा त्याला खोलीतली हवा ढवळायला लावतो.

‘कॅमेलिअन डे’ हे तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं ऐकलं की हे पटेल. पियानो, फुंकीचे ते विद्युत सूर आणि हॉलिसचा गळा, बस. ठेकाच नाही. अमुक सूर कशातून आला, हे सांगता येत नाही आणि सांगावंसंही वाटत नाही. त्यांच्या पुढच्या, १९८८ च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’ची वाट इथूनच निघते. ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ लोकांच्या तोंडी बसलं हे खरं, पण माझ्या लेखी या अल्बमचा कळस ‘कॅमेलिअन डे’ आहे.

तुमच्याकडे मेलोट्रॉन नसेल, नसू दे. पेटी आहे ना? पेटी, हार्मोनिका आणि हॉलिसने ‘टाइम इट्स टाइम’मध्ये वाजवलेली मेलोडिका (फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड), तिघींच्या पोटात धातूच्या मुक्त पत्त्याच वाजतात. पत्तीच्या आवाजात वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उठणारे बारीक सूर) भरपूर, म्हणून तो सिंथच्या सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या, लहरीला आपणहून जवळ जातो. भाता मात्र हाताने चालतो, तेव्हा श्वासही आहे. म्हणजे सीमेवरचं वाद्य तुमच्या घरातच आहे. डेमोत तुम्ही पेटीवर स्वतंत्र सुरावट वाजवलीय. ती काढा. सिंथ जो लांब सूर धरतो तोच सूर पेटीला द्या, सिंथ निम्म्यावर आणा आणि भात्याच्या चालीने त्याचा आवाज कमीजास्त करा. ऐकणाऱ्याला एकच नवं वाद्य ऐकू येईल.

हे करताना पहिली अडचण येईल ती सुरांची. पेटीच्या पत्त्या पाच मिनिटांत लावून मिळत नाहीत, सिंथ मात्र एका बटणावर सरकतो. तेव्हा नेहमी सिंथनेच पेटीकडे जायचं. ट्यूनरवर पेटीचा मधल्या सप्तकातला ‘ए’ बघा. तो ४४० च्या जागी ४४२ हर्ट्झ निघाला तर फरक सुमारे आठ सेंटचा (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट) झाला. एकेकट्या वाद्यात हा फरक कळत नाही, पण लांब धरलेल्या सुरात दोन्ही एकत्र आले की लाटा उठतात. सगळे सिंथ ४४२ वर न्या, गिटार त्यावर लावा, व्हायोलिनवाल्यांना तोच सूर द्या. पियानो असलेल्या गाण्यात पियानोला मुख्य धरा आणि तिथे पेटी टाळा, किंवा दोघं एकाच वेळी लांब सूर धरणार नाहीत असं बघा.

पियानोची आणखी एक खोड आहे. तारा ताठ असतात, त्यामुळे त्यांचे वरचे स्वरांश गणितापेक्षा थोडे चढे निघतात, आणि पियानो लावणारे त्या हिशेबाने वरची सप्तकं किंचित चढी व खालची किंचित उतरती लावतात. सिंथ तसं करत नाही. म्हणून पियानोची सुरावट सिंथवर जशीच्या तशी दुप्पट करायची असेल तर मधली दोन-तीन सप्तकंच वापरा. टोकांना ती आंबट लागते, आणि रेकॉर्डिस्ट बिचारा मिक्समध्ये दोष शोधत बसतो.

व्हायोलिनसाठी एकच सूचना: पॅडमधून गंधार काढून टाका. षड्ज आणि पंचम ठेवा, फार तर वर एखादा रिषभ. सिंथचा गंधार समविभागी (बारा सारख्या भागांत वाटलेल्या) सप्तकाचा, कानाला हव्या असणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा. तो सतत वाजत असला की व्हायोलिनवाला आपल्या जागेवर सूर लावू शकत नाही, बुजून वाजवतो. गंधार त्याच्याकडे किंवा गायिकेकडे सोपवा. तानपुऱ्यासोबत वाढलेल्या कानांना हे समजावून सांगावं लागू नये, पण कीबोर्डसमोर बसलं की तिन्ही बोटं आपोआप पडतात. यात आणखी एक फायदा आहे. साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पियानोचा डावा हात, गिटारचं पोकळ पोट आणि गळ्याचा खालचा भाग असे सगळे राहतात, आणि जाड पॅड नेमका तिथेच ठाण मांडतो. सूर कमी केले की ती गर्दी इक्यूला हात न लावता निम्मी होते.

लयीकडे वळते. तुमच्याकडे ड्रम मशीन आहे आणि ते राहणार, तेव्हा टॉक टॉकची वाट जशीच्या तशी घेता येणार नाही. दोन पर्याय आहेत. एक, वादकांना हेडफोनमध्ये क्लिक (मोजणीची टिकटिक) देऊ नका, ड्रम मशीनचाच ठेका द्या आणि त्यावर शेकर किंवा खंजिरी हाताने वाजवून घ्या. मग ड्रम मशीन खाली घ्या आणि बाकीच्यांना शेकर ऐकवा. शेकर वाजवणारा हात मशीनच्या किंचित मागेपुढे असतो, बाकीचे त्याला धरतात, आणि काटेकोर मात्रेच्या रेषेवर उभी असलेली मशीन आपोआप त्या घोळक्यात शिरते. नंतर संगणकात माउसने कोणालाही रेषेवर सरकवायचं नाही, अगदी मोह झाला तरी.

दुसरा पर्याय डेपेश मोड या बँडच्या १९९३ च्या ‘साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन’चा. तिथे ॲलन वाइल्डरने खरे ड्रम्स वाजवले, त्यातले तुकडे कापून सिक्वेन्सरवर फिरवले. त्याच अल्बममध्ये आयरिश उइलिअन पाइप्स (भात्यावरचा बॅगपाइप) आहेत, ‘वन कॅरेस’मध्ये खऱ्या व्हायोलिनांचा समूह आहे. पण माणसाने वाजवलेलं यंत्राच्या हाती दिलंय, दिशा टॉक टॉकच्या बरोबर उलटी. आवाज जास्त टोकदार आणि अंगावर येणारा होतो. तुमच्या दोन वेगवान गाण्यांना ही रीत शोभेल, संथ गाण्यांना पहिली. एका गाण्यात दोन्ही रीती मिसळू नका.

आता जागेचा प्रश्न, आणि माझ्या अनुभवात डेमो फाटका वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. सिंथ तारेतून थेट आत येतो, त्याला खोली नसते. व्हायोलिनच्या आवाजात खोली, अंतर आणि छताची उंचीही असते. ध्वनी एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. माईक दोन मीटरवर असेल तर व्हायोलिन सहा मिलिसेकंद उशिरा पोचतं आणि सिंथ अंतरच नसल्यासारखा कानाला चिकटून राहतो. वर सिंथचे प्रीसेट (तयार आवाज) कोरस नावाचा, सूर दुणावणारा इफेक्ट लावून डावीउजवीकडे पसरवलेले, म्हणजे व्हायोलिन एका बिंदूत आणि सिंथ डोक्याभोवती. इलाज सोपा आहे आणि त्याला फक्त एक दुपार लागते. प्रीसेटमधले कोरस आणि रिव्हर्ब बंद करा, सिंथ मोनो (एकाच वाहिनीचा) करा. ज्या खोलीत व्हायोलिन रेकॉर्ड केलं त्याच खोलीत एक स्पीकर किंवा गिटारचा ॲम्प ठेवून त्यातून सिंथचा ट्रॅक वाजवा आणि माईक व्हायोलिनच्या वेळी होता तिथेच ठेवून पुन्हा रेकॉर्ड करा. हा नवा ट्रॅक मूळ सिंथच्या जोडीने चढवत न्या. साधारण निम्म्यावर आला की सिंथ खोलीत येऊन बसतो. घराचा जिना चांगला घुमत असेल तर तोही वापरा. त्यावर एकच छोटा समाईक रिव्हर्ब सगळ्यांना थोडाथोडा द्या, लांब रिव्हर्ब एखाद्या वाद्यालाच.

रेकॉर्डिंगच्या वेळी बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांत साठवून पुढे देतो त्यांचा आकार) कमी ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका बाजूचा सुमारे २.७ मिलिसेकंदांचा उशीर, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट आणि वर कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) थोडा. एवढ्याने वादक बिचकत नाही. ५१२ वर मात्र पेटीवाल्याला आपलाच हात परका वाटू लागतो, आणि तो ज्या बिचकलेपणाने वाजवतो तो पुढे कशानेही निघत नाही.

आवाजाच्या चढउताराबाबत बहुतेक मंडळी उलटं करतात. व्हायोलिन कधी लहान, कधी मोठं वाजतं, म्हणून त्याला कॉम्प्रेसरने दाबून सिंथइतकं सपाट करतात. तुम्ही सिंथला हलवा. साधं एक्स्प्रेशन पेडल घ्या, सिंथचा फिल्टर आणि व्हॉल्यूम त्यावर बांधा, आणि गायिकेचा गळा ऐकत पूर्ण गाणं एका दमात पायाने वाजवा. व्हेरिओफोनची फुंक करायची ते काम तुमचा पाय करेल. पेडलची करकर, भात्याचा श्वास, बोटांचं तारेवर घासणं यातलं काही पुसू नका. गेट (हलके आवाज बंद करणारी सोय) लावून ट्रॅक साफ केलात की वाद्यांच्या मधली शांतता कोरी पडते आणि पुन्हा जोड उघडी दिसते.

राहिला मंच. टॉक टॉकने १९८६ मध्ये या अल्बमचा दौरा केला तेव्हा जास्तीचे कीबोर्डवादक, गिटारवादक आणि तालवादक सोबत घेतले. त्या वर्षी जुलैमध्ये माँट्रो जॅझ महोत्सवात झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते जरूर बघा. अल्बमपेक्षा गाणी दांडगी वाजतात, कारण तिथे ठेक्याभोवती दोन-तीन हात काम करताहेत. त्या दौऱ्यानंतर बँड पुन्हा दौऱ्यावर गेलाच नाही.

तुमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, म्हणून निवड करावी लागेल. बॅकिंग ट्रॅकवर (आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर) व्हायोलिन चालवून सिंथ प्रत्यक्ष वाजवू नका, प्रेक्षकांना ते लगेच खटकतं. उलट करा: ड्रम मशीन आणि पॅड ट्रॅकवरून, पेटी, व्हायोलिन आणि गिटार प्रत्यक्ष. सिंथ वाजवणाऱ्या दोघांपैकी एकाने पेटी हाती घ्यावी. पेटीला जवळून दोन माईक लागतील, एक पत्त्यांच्या बाजूला आणि दुसरा जरा भात्याकडे, आणि मॉनिटर स्पीकर (वादकांना स्वतःचं ऐकू येण्यासाठीचा) तिच्या समोर ठेवू नका, नाहीतर २५० हर्ट्झच्या आसपास घुमायला लागेल. व्हायोलिनला पिकअप (वाद्याची थरथर थेट टिपणारं उपकरण) आणि छोटा क्लिप माईक असे दोन्ही लावा, मॉनिटरमध्ये पिकअप द्या, सभागृहात माईक. सगळ्यांना कानातले मॉनिटर परवडले तर उत्तम. नसतील तर निदान गायिका आणि पेटीवाल्यासाठी तरी भाड्याने घ्या, आणि साउंड चेकला पहिला सूर पेटीचा घेऊन त्यावर सिंथ पुन्हा एकदा लावून बघा. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने व्हायोलिनच्या तारा उतरतात, पेटी फारशी हलत नाही.